खटक्यावरचा नान

तेर्मेझमध्ये चिल्ला लागला की लोक दोघांचाच धावा करतात. एक देवाचा आणि दुसरा माझ्या नवऱ्याचा. देवाचं बरं आहे, त्याला कुणाच्या भिंतीवर चढावं लागत नाही.

माझा नवरा म्हणजे बोयमुरोद उस्ता, एसी दुरुस्त करणारा. चिल्ला म्हणजे उन्हाळ्याचे चाळीस दिवस, तेव्हा आमू नदीचं पाणीसुद्धा सावली शोधत वाहतं. नदीपलीकडून अफगाण वारा उठतो आणि पीठ चाळावं तशी धूळ गावावर चाळून जातो. घराघरातले एसी आधी खोकतात, मग कण्हतात आणि एक दिवस गप्प होतात. की लगेच फोन, "उस्ता, जीव चाललाय, या हो!" उस्ता जायचे. कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला आकडा, वरच्या खिशात टेस्टर. हत्यारांनासुद्धा एकेक सुतळी बांधलेली, म्हणजे हातातून निसटलं तर खालच्याच्या डोक्यात नको.

बाकीचे कारागीर हसायचे. "बोयमुरोद नवरीसारखा नटतो आणि मगच खिडकीबाहेर पाऊल टाकतो!"

"नटतो म्हणून तर रोज घरी परततो," हे म्हणायचे.

मी नान भाजते. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच माझा तंदूर आहे. नानच्या मधोमध जो ठसा उमटवते तो माझ्या आईचा, आठ पाकळ्या आणि मधे एक टिंब. तो ठसा दिसला की आंधळासुद्धा बोट फिरवून सांगतो, हा सनोबरचा नान. तंदूरवरच्या छपराखाली, भिंतीत एक खिळा आहे. हे तीन वर्षं रशियात कामाला गेले तेव्हा निघताना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नानला दात लावून गेले. एक घास खायचा, उरलेला नान घरी टांगायचा. परतून तो खाल्ल्याशिवाय त्या माणसाचा प्रवास संपत नाही, आणि तोवर त्या नानला कुणी हात लावत नाही. तीन वर्षं तो त्या खिळ्यावर होता. मधे भिंतीला चुना दिला. चुनेवाला उनाड, दारुडा, कुणाचंच न ऐकणारा. पण त्यानंही नानच्या भोवतीनं कुंचला फिरवला. अजून भिंतीवर तो गोल डाग आहे, चंद्र उतरून बसल्यासारखा.

पुढे त्याच खिळ्यावर मी यांचा पट्टा टांगला. त्याची गोष्ट अशी.

गेल्या चिल्ल्यात बाजाराजवळच्या एका घरी हे गेले होते. तिसरा मजला. मेनचा खटका खाली पाडला, घरच्या बाईला बजावून सांगितलं आणि खिडकीबाहेर उतरून एसीच्या डब्यात हात घातला. ती बाई वाईट असती तर काहीसुद्धा झालं नसतं. पण बाई चांगली निघाली. तिला वाटलं, उस्ता उन्हात लटकलाय, घसा सुकला असेल आणि मी अजून पेलाभर चहा विचारला नाही. तिनं विजेची किटली लावली. किटली तापेना. अरे हो, खटका खाली आहे! तिनं वर केला.

पट्ट्यानं धरलं म्हणून माणूस राहिला. वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे हे तिसऱ्या मजल्यावर लोंबत होते, आणि ती बिचारी पेला हातात घेऊन खिडकीत उभी राहून रडत होती. "वाय उस्ता, तुमच्याच चहासाठी हो! तुमच्याच चहासाठी!"

उजव्या हाताची दोन बोटं आधी काळी पडली, मग पांढरी. अजूनही त्या बोटांना निरोप उशिरा पोचतो. मी पट्टा काढून घेतला आणि खिळ्याला लावला. हे वादाला उभे राहिले नाहीत. एवढंच म्हणाले, "सनोबर, ऊन मारत नाही, उंची मारत नाही. आतलं माणूस मारतं, आणि तेही मायेनं. लोक ज्याला हात लावणार नाहीत असं कुलूप सापडेपर्यंत मी खिडकी ओलांडणार नाही. शब्द दिला."

मग वर्षभर ते कुलूप शोधत राहिले. तळमजल्यावरची कामं घेत आणि करून बघत. खटक्यावर कागद चिकटवला, 'काम चालू आहे, हात लावू नये'. घरच्या म्हाताऱ्यानं तो काढून वारा घेतला आणि नंतर घडी घालून अदबीनं परत केला. खरं कुलूप लावलं तर घरमालकाचं तोंड उतरलं, "उस्ता, आम्ही काय चोर?" आणि मालिकेची वेळ झाल्यावर त्यानं ते हातोड्यानं उडवलं. एकदा खटक्यापाशी माणूस बसवला, तर तो यांच्यासाठी टरबूज कापायला उठून गेला. पाहुणा दारात तहानलेला बसलाय हे आमच्याकडे कुणाला बघवतच नाही. त्याला करायचं काय!

शेवटी हे अंगणात बसून फ्रिज दुरुस्त करू लागले. येताजाता मान वर करून चौथ्या, पाचव्या मजल्याकडे बघायचे. पिंजऱ्यातला पक्षी आभाळाकडे बघतो ना, तसं. मी पीठ मळत असायची. बघायची आणि पिठाला आणखी दोन बुक्क्या मारायची.

या चिल्ल्यात आमच्या ओयदिनला मुलगी झाली.

अकराव्या दिवशी पाळण्याचा सोहळा. पाळणा आईच्या माहेराहून जातो, म्हणजे आमच्याकडून. लाल-पिवळा रंगवलेला लाकडी पाळणा, गाद्या, दुलई, मेव्याची ताटं आणि माझ्या हातचे चाळीस नान, असा सगळा संसार घेऊन आम्ही सकाळी नवाला व्याह्यांकडे पोचलो. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. जिना चढताना पाळणा डोक्यावर घेतलेला जावई एल्योर धापा टाकत म्हणाला, "आई, पोरगी अजून यात झोपली नाही आणि हा एवढा जड?"

"तिचं नशीब भरलंय त्यात," मी म्हटलं. "चढ मुकाट्यानं."

दारात विहीणबाई होजर उभ्या. अंगावर अतलसचं झगझगीत रेशीम, जिभेला धार, मनात मात्र निव्वळ लोणी. "या या! आमचे गारव्याचे राजे आले! म्हटलं, विहीणबाईंनी व्याह्यांनाही तंदूरला चिकटवून ठेवलं की काय!"

"चिकटवले असते, पण करपतात," मी म्हटलं आणि आम्ही गळ्यात गळा घातला.

आतल्या खोलीत ओयदिन बाळाला घेऊन बसली होती. बाळाचं नाव सुम्बुल. मुठीएवढं तोंड, कणसाच्या केसांसारखं जावळ. वर भिंतीवर एसी बारीक गार श्वास सोडत होता. मी बाळाच्या तळपायाचा वास घेतला. तेवढ्यात एसीनं एक हुंदका दिला, दुसरा दिला आणि तो गप्प झाला.

पहिली दहा मिनिटं कुणी मनावर घेतलं नाही. विसाव्या मिनिटाला ओयदिननं बाळाचं अंगडं काढलं. अर्ध्या तासानं बाळाच्या मानेवर लाल पुरळ उमटलं. ओल्या फडक्यानं ओयदिन पुसत होती आणि फडकं तिच्या हातातच वाळत होतं. एल्योर गावातल्या एकेका कारागिराला फोन लावत होता. सगळ्यांचं एकच, तीन दिवस मान वर करायला सवड नाही.

"बाळाला घेऊन खाली माझ्या गाडीत बसू का? गाडीत गार आहे," एल्योर म्हणाला.

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अकरा दिवसांचं लेकरू उंबऱ्याबाहेर? चाळीस दिवस नाही! बाळंतिणीचा चिल्ला कुणी मोडलाय कधी?"

या बाबतीत मीही त्यांच्याच बाजूची. आमच्याकडे उन्हाचा चिल्ला चाळीस दिवसांचा आणि बाळंतिणीचाही चाळीस दिवसांचा. बाहेरचा म्हणत होता घरात थांबू नका, आतला म्हणत होता घर सोडू नका. दोन चिल्ल्यांच्या मधे ते एवढंसं लेकरू, लाल झालेलं, रडायचंसुद्धा विसरलेलं. ते रडत नव्हतं याचीच मला धास्ती वाटली.

हे खुर्चीवर चढून एसीकडे बघत होते. खाली उतरले. "आतला ठीक दिसतोय. दुखणं बाहेरच्या डब्यात असणार." मग माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

ओयदिनलाही कळलं. "नको बाबा," ती म्हणाली. "मी पुसत बसते. संध्याकाळ झाली की वारा सुटेल."

संध्याकाळ! तेव्हा कुठे साडेदहा वाजत होते.

"आतल्या तारा तरी तपासून घेतो," हे म्हणाले. "त्यात काही बिघडलं असेल तर बाहेर जायलाच नको." दाराजवळच्या बोळातल्या पेटीत मेनचा खटका होता. तो त्यांनी खाली पाडला, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "खटका खाली आहे, कुणी वर करायचा नाही," आणि पुन्हा खुर्चीवर चढले. टेस्टर लावला. विझलेला. हात पुढे करणार, तेवढ्यात टेस्टर लालबुंद झाला.

यांनी हात मागे घेतला तो इतका हळू, की मला ओरडताही आलं नाही.

बोळातून विहीणबाईंचा आवाज आला, "किटली का तापत नव्हती ते आत्ता कळलं! उस्ता व्याही, हिरवा की काळा?"

आम्हा सगळ्यांची तोंडं बघून विहीणबाई दारातच थबकल्या, हातातली किटली हातात. "काय झालं? कोरड्या घशानं व्याह्याला कामाला लावू का मी? लोक काय म्हणतील?"

"काही नाही, विहीणबाई," हे शांतपणे म्हणाले. "काळा."

मी बाहेर बोळात आले. थोड्याच वेळात सोहळ्याला पन्नास बायका येणार होत्या. प्रत्येकीच्या मनात माया आणि प्रत्येकीच्या डोळ्यासमोर तहानलेला उस्ता! मी स्वतः खटक्यापाशी उभी राहिले तरी काय होणार? पाळणा माझ्याकडचा. पहिली आली की मला मिठीत घेऊन आत ओढणार. मला आठवला तो टरबूज कापायला गेलेला माणूस.

समोर माझ्याच नानची टोपली होती. वर पांढरं फडकं. मी ते बाजूला केलं, उगाच, हाताला काहीतरी हवं म्हणून. आठ पाकळ्या आणि मधे एक टिंब. आणि मला तो चुनेवाला दिसला. दारुडा, कुणाचंच न ऐकणारा, पण नानच्या भोवतीनं अलगद कुंचला फिरवणारा.

मी आत हाक मारली. "एल्योर! गाडी काढ. माझ्या तंदूरवरच्या खिळ्याला यांचा पट्टा आहे. दोर आणि हत्यारांची पिशवी त्याच्याच खाली आहे. पळ!"

हे खोलीतून बाहेर आले. "सनोबर?"

"कुलूप सापडलं," मी म्हटलं.

एल्योर परत येईपर्यंत यांनी खिडकीतून वाकून सगळं बघून ठेवलं. भिंत पश्चिमेची. बारापर्यंत सावली, पुढे डब्याचा पत्रा तव्यासारखा होणार. म्हणजे हाताशी तासभर होता. एल्योर आला आणि उत्साहानं दोराचं टोक खिडकीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांना बांधू लागला.

"बाळा, यांना पन्नास वर्षांचा गंज आहे," हे म्हणाले. "त्या मला धरतील की मी त्यांना?" मग शेजाऱ्याकडून पहार मागवली, ती आतल्या दाराच्या चौकटीला आडवी लावली आणि दोर तिला बांधला. ती उपटायची तर आख्खी भिंत उपटावी लागली असती. दोन्ही पायांनी रेटून बघितलं, अंगाचा सगळा भार टाकून बघितलं. खाली एल्योरच्या वडिलांनी जमिनीवर दोरी ओढून वर्तुळ केलं आणि आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकावर ओरडायला सुरुवात केली.

मग यांनी खटका खाली पाडला. मी टोपलीतला सगळ्यात देखणा नान दोन्ही हातांनी पुढे धरला.

"दात लावा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या डोळ्यांत हसू उगवलं. वर्षभरात पहिल्यांदा. त्यांनी वाकून एक घास तोडला.

विहीणबाई चक्रावल्या. "अगं बाई! व्याही परदेशी चाललेत?"

"हो," मी म्हटलं. "खिडकीबाहेर."

"किती वर्षांसाठी?"

"व्हिसा तासाभराचाच आहे," एल्योर म्हणाला.

पाळण्याच्या सामानातली लाल फीत मी नानमधून ओवली आणि पेटीच्या वरच्या खिळ्याला तो असा टांगला की खटका बरोबर त्याच्यामागे झाकला जावा. वर करायचा तर आधी नान हलवावा लागेल. विहीणबाईंच्या हातातली किटली हळूच खाली गेली. त्यांनी छातीवर हात ठेवला. "देव सुखरूप परत आणो," त्या पुटपुटल्या, सवयीनं, जसं लष्करात निघालेल्या पोराला म्हणावं तसं.

हे खिडकी ओलांडून गेले.

मी खिडकीशी उभी राहिले. आधी टेस्टर. विझलेला. तरी यांनी हात घातला नाही. बाहेरून मला समजावत होते, जणू मीच शिकायला आलेय. "वीज गेली तरी हा कपॅसिटर तिला पोटात धरून बसतो बघ. चिडक्या म्हाताऱ्यासारखा. आधी त्याला रिकामा करायचा." एक छोटा बल्ब दोन तारांनी त्याला लावला. बल्ब क्षणभर चमकला आणि विझला. "झालं. शांत झाला." कपॅसिटर फुगून पेरूसारखा झाला होता, दुखणं तेच. पिशवीतला नवा काढून यांनी तो बदलायला घेतला. आणि पंख्याभोवती अफगाण धुळीची घट्ट दुलई बसलेली. पंखा फिरणार तरी कसा!

तोवर पाहुण्या आल्या. बोळ गजबजला, मला मिठ्या पडल्या, खिडकीपासून ओढून खोलीच्या मधोमध नेलं. मी जायला तयार नव्हते, पण पन्नास बायकांपुढे कोण टिकतं! पाळण्यावरून मिठाई उधळली गेली, ढोलकी निघाली. उकाडा असा की प्रत्येकीच्या कपाळावर मोत्यांची माळ. कुणीतरी म्हणालं, "उस्ता बाहेर लटकलाय म्हणे! आणि त्याला चहा?"

बोळात पावलं वाजली. विहीणबाईंची अनबर आत्या, ऐंशीच्या पुढची, कानानं ठार बहिरी. मी ओरडले ते तिला ऐकू जाण्यातलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत मी बोळाच्या तोंडाशी पोचले तर आत्या किटली भरून पेटीपुढे उभी. हात वर उचललेला.

तो हात तसाच थांबला.

आत्यानं नानकडे बघितलं. फीत बघितली. दाताची खूण बघितली. बोटानं हवेतच त्या खुणेची कड चाचपली, पण नानला स्पर्श केला नाही. मग बहिरी माणसं बोलतात तशी जोरात म्हणाली, "घरातलं कोण ग परमुलखात गेलंय?"

"व्याही!" विहीणबाई तिच्या कानाशी ओरडल्या. "खिडकीबाहेर!"

"रशियाबाहेर?"

"खि-ड-की!"

आत्याला जे कळायचं ते कळलं. तिनं स्टूल ओढलं, पेटीखाली मांडलं आणि गार किटली मांडीवर घेऊन त्यावर बसली. त्यानंतर जी जी बाई किटली, इस्त्री, पंखा घेऊन आली तिला तिनं काठी दाखवली. "माणूस परतला नाही अजून! मागे हो!" आणि गंमत अशी की काठीची गरजच नव्हती. नान दिसला की बायका आपोआप आवाज खाली आणत होत्या, पदराखालून दुआ मागत होत्या आणि परत फिरत होत्या.

पण मग उस्ताला चहा? खाली अंगणात एल्योरच्या वडिलांनी आजोबांचा पितळी समोवार काढला, जर्दाळूच्या फांद्यांचा जाळ केला आणि चार मजले चढून पेला खिडकीशी पोचवला. खिडकीबाहेरून उत्तर आलं, "हात रिकामे नाहीत. ठेवा, येतोच."

तेव्हा कुठे माझ्या छातीतलं पाखरू फांदीवर बसलं. ढोलकीवाल्या बाईनं ठेका बदलला आणि विहीणबाईंनी माझ्याकडे बघत भुवया उडवल्या.

दात लावून नानला, गेला व्याही परदेशी,
किती ग तो परदेश? खिडकीच्या काचेपाशी, यार-यार!

पन्नास गळ्यांनी "यार-यार" उचललं. मी काय गप्प बसणार!

विहिणीची माया अशी, उतू जाई किटलीतून,
चहा पाजायाच्या पायी, प्राण काढी मुठीतून, यार-यार!

हशा असा उसळला की बाहेरून हे ओरडले, "हळू! दोर हलतोय!" त्यावर आणखी हशा. विहीणबाई स्वतःच इतक्या हसल्या की डोळे पुसत माझ्या खांद्यावर रेलल्या, आणि मग हसता हसता कानात म्हणाल्या, "सनोबर, मी मारलं असतं ग त्यांना. माझ्या हातांनी."

"चहानं," मी म्हटलं. "आणि तोही काळा." आम्ही दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून होतो.

ऊन भिंतीच्या कडेला लागलं आणि खिडकीत एक धुळीनं पांढरा झालेला हात आला, मग दुसरा. एल्योरनं दोर आवळत आणला. हे आत उतरले. भुवया, मिशा, पापण्या, सगळं पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखं. ओयदिन बापाकडे बघून हसली आणि तिचा बांध फुटला.

"झालं?" एल्योर खटक्याकडे धावला.

"थांब!" अनबर आत्यानं काठी आडवी घातली. पहिल्यांदाच न विचारता तिला सगळं कळलं होतं. "आधी माणूस परतू दे."

हे बोळात आले. मी फीत सोडली. यांनी नान दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि जिथे दात लावले होते तिथूनच घास घेतला. उरलेला मी मोडला. पन्नास तुकडे केले, नखाएवढे. प्रत्येकीनं तो हातावर घेतला आणि खाल्ला. आता नान नव्हता, म्हणजे बाहेर कुणी नव्हतं. पेटीवर नुसता खटका उरला होता.

विहीणबाई पुढे झाल्या, पण हात लावला नाही. यांच्याकडे बघितलं. "आता?"

"आता लावा, विहीणबाई. आणि किटलीही लावा."

खटका वर गेला. भिंतीवरच्या एसीनं एक उसासा टाकला, मग दुसरा, आणि मग तो गार श्वास खोलीभर पसरला. पाळण्यावरचा रंगीत पडदा थोडा हलला. मी सुम्बुलला त्यात निजवलं, पट्ट्या बांधल्या, पाळण्याची दांडी धरली. ती आधी कुरकुरली, मग इतक्या वेळचं साठवलेलं सगळं रडली, खणखणीत. तो आवाज ऐकून सगळ्या बायका एकदम खूश झाल्या. मग मी गाऊ लागले.

नीज ग माझे कळी, दांडी पाळण्याची हाती,
तुझ्या गार वाऱ्यापायी आजा चढला भिंतीवरती.
भिंतीवरून परतला, नानचा घास खाल्ला,
नीज आता सुखानं, दोन्ही चिल्ल्यांच्या सावलीला.

दुसऱ्या ओळीला तिचे डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला खुर्चीवर बसल्या बसल्या यांचेही मिटले. हातातला पेला मी काढून घेतला. काळा चहा अजून अर्धा होता, आणि यावेळी तो खरंच गरम होता.

गावात गोष्ट पसरायला काय लागतं? पन्नास बायका पुरेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन पाचव्या मजल्यावरून आला. "उस्ता, या. खटका खाली पाडलाय. नान तुम्ही आणता की आम्ही?"

आता मी पहाटे तंदूरला एक लहानसा नान जास्त लावते. तळव्याएवढा, वर तीळ लावलेला, पण ठसा पूर्ण, आठ पाकळ्या आणि मधे टिंब. हे पट्टा बांधतात, टेस्टर तपासतात, सुतळ्या ओढून बघतात आणि दारातून मागे वळतात.

"अगं, माझा नान?"

"तुमचा नव्हे, खटक्याचा," मी म्हणते. "तुम्ही परत आलात तरच तुमचा."

संध्याकाळी येतात तेव्हा मिशीत तीळ अडकलेला असतो. मी आधी तो बघते. छपराखालचा खिळा आता रिकामा आहे. काल एक चिमणी त्यावर येऊन बसली होती.